कोणी किती हलायचं?

भिवंडीत कुठलीही वस्तू स्वस्थ बसत नाही. माणसं बसत नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. माणसं पृथ्वीच्या पाठीवर कुठेच स्वस्थ बसत नाहीत. पण टेबलावरचा पाण्याचा पेला, टाचण्यांची डबी, भिंतीवरचं कॅलेंडर, यांनी तरी आपापल्या जागी राहावं की नाही? आमच्या शाखेची मागची भिंत आणि एका यंत्रमागाच्या शेडची पुढची भिंत या दोन भिंती नसून एकच भिंत आहे. तिच्या पलीकडे चोवीस माग खटखटत असतात आणि अलीकडे आम्ही सातजण लोकांचे पैसे मोजत असतो. पेल्यातल्या पाण्यावर दिवसभर वर्तुळं उमटतात. टाचण्यांची डबी सकाळी मी डाव्या हाताला ठेवतो, ती मधल्या सुट्टीपर्यंत चालत चालत कॅशियरच्या हद्दीत जाते, आणि हद्दीत आलेली वस्तू आपली, हा सरहद्दीचा जुना न्याय कॅशियर तिला लावतो.

सह्यांचंच घ्या. खातं उघडताना माणूस नमुन्याची सही करतो ती आमच्या टेबलावर, आणि पुढे पैसे काढताना करतो तीही आमच्या टेबलावर. त्यामुळे थरथरीला थरथर जुळते आणि व्यवहार सुरळीत चालतो. पण हाच खातेदार उद्या पुण्याच्या एखाद्या निवांत शाखेत गेला आणि तिथल्या स्थिर टेबलावर त्याने स्थिर हाताने सही केली, तर तिथला बापडा कारकून ती खोटी ठरवील, अशी मला कायम धास्ती वाटते.

अशा गावात नोकरी करणाऱ्या माणसाने स्थितप्रज्ञ या विषयावर विचार करू नये. पण मी करतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाने मोठा मार्मिक प्रश्न विचारला आहे. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? श्रीकृष्णाने त्याचं उत्तर सविस्तर दिलं. सुखदुःख, राग, भय, काही सोडलं नाही. मात्र स्थितप्रज्ञ कशावर बसतो, हे अर्जुनाने विचारलं नाही आणि म्हणून श्रीकृष्णानेही सांगितलं नाही. माझ्या मते खरी मेख तिथे आहे. खालची जमीनच हलत असेल तर वरच्याने किती स्थिर राहावं, आणि वरचा स्थिर राहिला तर त्याचं श्रेय त्याचं की जमिनीचं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होताच. त्यात माझा मेव्हणा आला.

हा माझा मेव्हणा पुण्याकडे चाकणला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. तो ज्या खोलीत काम करतो तिथे एक यंत्र आहे. ते काही बनवत नाही. दुसऱ्या यंत्रांनी बनवलेले भाग मोजतं. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस पन्नास-पाऊणशे मायक्रॉन जाड असतो. हे यंत्र एकेका मायक्रॉनवरून भांडतं. थोडक्यात, आमच्या इन्स्पेक्शनला येणाऱ्या साहेबांच्या जातीचं. आता इतकं बारीक मोजायचं तर मोजणारा हलून चालत नाही. म्हणून ते एका प्रचंड काळ्या ग्रॅनाइटच्या शिळेवर बसतं, शिळा हवेच्या उशांवर बसते, खोलीला वातानुकूलन असतं आणि आत जाताना चपला काढाव्या लागतात. आमच्या घरातल्या देवाला यातलं फक्त शेवटचं मिळतं.

‘‘पण भावोजी, नुसत्या उशांनी भागत नाही,’’ मेव्हणा चहाचा कप बशीत ठेवत म्हणाला. कप किणकिणला. आम्ही वंजारपट्टी नाक्याजवळ राहतो.

‘‘का बरं? मऊ गादीवर धक्का बसत नाही, एवढं आम्हा कॉमर्सवाल्यांनाही कळतं.’’

‘‘तिथेच चुकतं सगळ्यांचं.’’

मग त्याने मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. इंजिनिअरच्या भाषेत सांगितलं असतं तर ते मलाच कळलं नसतं.

घरातला झोपाळा डोळ्यांपुढे आणा. त्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीहून फार भरभर तुम्ही त्याच्या कड्या हलवल्यात तर झोपाळा जागचा हलत नाही. एवढी घाई त्याला झेपतच नाही. अगदी सावकाश हलवलात तर तो मुकाट्याने तुमच्याबरोबर सरकतो. पण बरोबर त्याच्या लयीत बोटाने जरी ढकललंत, तरी प्रत्येक झोक्याला तो चढत जातो आणि शेवटी आजोबांना खाली टाकतो. स्प्रिंग, रबर, हवेची उशी, सगळ्यांचं हेच. स्वतःच्या लयीच्या साधारण दीडपट वेगाच्या वरचे हादरे त्या गिळतात, त्याखालचे मुकाट्याने वर पाठवतात, आणि स्वतःच्या लयीतला हादरा आला की तो वाढवून वर पाठवतात. चांगल्या हवेच्या उशीची लय सेकंदाला एक ते तीन झोके, एवढी असते.

इथे माझ्यातला आकडेमोड्या जागा झाला. आमच्या भिंतीपलीकडचा साधा माग मिनिटाला सव्वाशे ते दीडशे वेळा धोटा फेकतो. म्हणजे सेकंदाला दोन-अडीच. म्हणजे जगातल्या उत्तमोत्तम उशांची जी दुखरी लय, नेमकी तीच भिवंडीने आपल्या मागांसाठी निवडली आहे! मेव्हण्याचं ते लाखामोलाचं यंत्र त्याच्या शिळेसकट आणि उशांसकट नारपोलीत आणून ठेवलं, तर ते जमिनीवर ठेवल्यापेक्षा उशीवर जास्त नाचेल. मला गावाचा अभिमान वाटला.

‘‘म्हणून तर ॲक्टिव्ह,’’ मेव्हणा म्हणाला.

ॲक्टिव्ह म्हणजे असं. यंत्राच्या चौथऱ्यात कान बसवलेले असतात, थरथर ऐकणारे. हादरा येताच ते तो मोजतात, एक छोटा संगणक त्याच्या उलट किती ढकलायचं ते ठरवतो, आणि चौथऱ्याखालचे हात तेवढंच उलट ढकलतात. धक्का डावीकडून आला तर हे उजवीकडून. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. वरचं यंत्र बघावं तर जागच्या जागी, अचल. खाली मात्र अखंड हाणामारी चाललेली.

या उलट ढकलण्याच्या युक्तीचा पूर्वज मोठा मजेदार आहे. हॅरोल्ड ब्लॅक नावाचा टेलिफोन कंपनीचा इंजिनिअर १९२७ सालच्या ऑगस्टमध्ये सकाळी होडीने कामावर निघाला होता. टेलिफोनच्या तारेतून जाणारा आवाज वाढवताना बिघडतो, तो कसा सुधारावा हा त्याचा घोर. वाटेत त्याला सुचलं की बाहेर आलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडावा, म्हणजे चूक स्वतःच स्वतःला खाऊन टाकील. कागद जवळ नव्हता म्हणून त्याने वर्तमानपत्रावरच आकृती काढली. दिवा-वसईच्या गाडीने कामावर जाणारे माझे किती सहकारी वर्तमानपत्राच्या कडेला काहीबाही लिहीत असतात. पण त्यांची मजल शब्दकोड्यापुढे जात नाही. होडी हलत होती म्हणून ब्लॅकला ते सुचलं असेल, असा माझा तर्क आहे. मेव्हण्याला तो मान्य नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. हे सगळं ऐकून मला स्थितप्रज्ञाचं कोडं एकदम निराळं दिसायला लागलं. आपण समजतो की स्थिर माणूस म्हणजे ज्याला काही लागत नाही तो. दगड. आमच्या शाखेत असे दोन जण होऊन गेले. त्यांच्यासमोर पेन्शनीची म्हातारी तासभर उभी राहिली तरी त्यांच्या पापणीवर कंप उमटत नसे, आणि लोक म्हणत, ‘साहेब शांत आहेत हो!’ परंतु मेव्हण्याचा चौथरा शांत आहे तो त्याला काही लागत नाही म्हणून नव्हे. त्या खोलीत सर्वांत जास्त लागतं ते त्यालाच. दोन भिंतींपलीकडे शिपायाने स्टूल सरकवलं तरी त्याला ते कळतं. ते कळतं म्हणून तो उलट ढकलू शकतो. बधिरपणा आणि स्थिरता या दोन वस्तू बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की हजार वर्षं आपण एकीला दुसरीचे हार घालत आलो असू.

स्थिर राहणं हे काम आहे, आणि कामाला मजुरी लागते. कॉमर्सच्या माणसाला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. ही मजुरी कोणाच्या नावे टाकायची?

न्यूटनसाहेबांचा तिसरा नियम मला शाळेत समजला नाही; बी.कॉम.ला दुहेरी नोंद शिकलो तेव्हा समजला. प्रत्येक जमेला एक नावे असते. चौथऱ्याने यंत्राला उजवीकडे ढकललं की तेवढ्याच जोराने जमिनीला डावीकडे ढकलावं लागतं. हादरा नाहीसा झाला असं यंत्राच्या खात्यात दिसतं. जमिनीच्या खात्यात तो जमा असतो. चाकणच्या कारखान्यात यासाठी खाली जाडजूड काँक्रीटचा ठोकळा घातलेला आहे. तो मुका आहे, त्याला कोणी विचारत नाही आणि तो कधी रजा मागत नाही.

आता आपापल्या घरात बघा. ज्या घराला पाहुणे ‘किती हो शांत घर तुमचं!’ असं म्हणतात, त्या घरात कोणीतरी एक चौथरा असतोच. आजोबांचा खोकला वाढायच्या आत ती टीव्हीचा आवाज कमी करते. मुलाचे मार्क वडिलांच्या कानी जाण्याआधी वडिलांच्या पुढ्यात भजी जातात. घरमालक जिन्यात दिसला तर त्याला जिन्यातच चहा मिळतो. वडील अचल बसून वर्तमानपत्र वाचत असतात आणि त्यांच्या शांत स्वभावाची चार घरांत वाखाणणी होते. खालच्या ढकलाढकलीची कीर्द कोणी लिहीत नाही. हा मजकूर आमच्या हिने वाचला आणि ती नुसती ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’मध्ये किती मायक्रॉन होते, ते मोजणारं यंत्र अजून निघायचं आहे.

मेव्हण्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत आवडली. हेन्ड्रिक बोडे नावाचे एक गणिती होऊन गेले. तेही ब्लॅकच्याच टेलिफोन प्रयोगशाळेतले. त्यांनी १९४५ साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात या उलट ढकलण्याच्या धंद्याचा ताळेबंद मांडून ठेवला. अशी यंत्रणा काही लयींचे हादरे जितके दाबते, तितके दुसऱ्या काही लयींचे ती फुगवते. पाणी भरलेल्या गादीसारखं. इथे कोपराने दाबा, तिथे वर येतं. तेरीज जुळलीच पाहिजे, त्यातून सुटका नाही! मग इंजिनिअरचं कौशल्य कशात? तर तो फुगवटा अशा लयीत सरकवायचा, की जिथे हादरे मुळात थोडे आहेत किंवा जिथे यंत्राला ते बोचत नाहीत.

यात इंजिनिअरचं काही चुकत नाही. पण हीच युक्ती माणसांत आली की माझी झोप उडते. कारण माणसांच्या राज्यातही फुगवटा असाच सरकवला जातो, ‘जिथे बोचत नाही’ अशा ठिकाणी. आणि कुठे बोचत नाही, हे कसं ठरतं? जिथून ओरडा येत नाही तिथे बोचत नाही, असं धरतात.

पुरावा म्हणून मी एक तक्ता सादर करतो. कोणत्या जागेने किती थरथर सोसावी, याचा हा तक्ता मेव्हण्याच्या वहीत होता. वरचे आकडे आंतरराष्ट्रीय मानकांवरून घेतलेले, आणि बारीक यंत्रांसाठीचे खालचे आकडे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक अंगर आणि कॉलिन गॉर्डन या दोघांनी बसवून दिलेले. हलण्याचा वेग सेकंदाला किती मायक्रॉन, असं हे माप. कारखान्याची शेड: ८००. कचेरी: ४००. राहतं घर, दिवसा: २००. शस्त्रक्रियेची खोली: १००, इतकी थरथर माणसाला जेमतेम जाणवते. त्याखाली यंत्रं सुरू होतात. ५०, २५, साडेबारा, सव्वासहा, आणि सर्वांत तळाशी, सर्वांत नाजूक यंत्रासाठी, सुमारे ३.

हा तक्ता मी तीनदा वाचला. हिशेब केला. ८०० च्या वेगाने मिलिमीटरभर जायला सव्वा सेकंद लागतो. ३ च्या वेगाने साडेपाच मिनिटं. मग वाटलं, मनुस्मृतीनंतर इतक्या स्पष्ट शब्दांत समाजरचना कोणी मांडली नसेल. मागावरचा कारागीर ८००. त्याचे पैसे मोजणारा मी ४००, म्हणजे बरोबर त्याच्या निम्मा हलणारा, म्हणून त्याच्या दुप्पट प्रतिष्ठेचा. घरी गेलो की मी २००. पोट फाडायला टेबलावर झोपवलं तर १००, म्हणजे मरायला टेकल्याशिवाय माणसाला यापेक्षा जास्त स्थैर्य नाही. आणि यंत्र ३!

‘‘भावोजी, तुम्ही उगाच चिडताय,’’ मेव्हणा म्हणाला. ‘‘हा कोणाचा हक्क नाही, ही सोसण्याची मर्यादा आहे. तीनच्या वर गेलं तर यंत्राचं काम बिघडतं. कारखान्यातल्या माणसाचं काम आठशेला बिघडत नाही. तो तक्रार करत नाही. एवढाच त्याचा अर्थ.’’

‘‘कोणाचं काम? त्याचं की शेठचं?’’

‘‘शेठचं,’’ त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. मेव्हणा सरळ आहे. म्हणून त्याला बढती मिळत नाही.

खरं सांगायचं तर त्याच्या बाजूला एक बळकट साक्षीदार आहे, आणि तो मीच हजर करतो. आमच्या भिंतीपलीकडच्या शेडमध्ये साठीकडे झुकलेले एक चाचा आहेत. उत्तर प्रदेशातून तरुणपणी आले. बारा तासांची पाळी करायची आणि तिथेच वरच्या पोटमाळ्यावर झोपायचं. दर महिन्याला गावी पैसे पाठवायला ते आमच्याकडे येतात. एकदा मी त्यांना विचारलं, ‘‘चाचा, एवढ्या खटखटीत झोप लागते?’’ चाचा हसले. म्हणाले, ‘‘साहब, खटखट में नींद आती है. लाइट जाती है, माग बंद होता है, तो नींद खुल जाती है.’’

आता बोला. ज्याला आठशेची सवय झाली आहे त्याला शांतता झोपू देत नाही. मग त्याच्यावर अन्याय होतो आहे असं म्हणणारा मी कोण? त्याने मान्य केलं आहे, असंच धरायचं का? हा प्रश्न सोपा नाही. मी दोन्ही बाजूंनी त्याच्याशी झटापट करून पाहिली आहे. एक मन म्हणतं, सोसणाऱ्याला त्रास वाटत नाही तर तू कशाला त्याच्या वतीने कण्हतोस? दुसरं मन म्हणतं, माणसाला कशाचीही सवय होते, तुरुंगाचीही होते. सवय झाली म्हणजे संमती मिळाली, असं धरायचं तर जगात ज्याला जास्तीत जास्त काळ ढकललं त्याच्याकडूनच जास्तीत जास्त संमती मिळाली, असा उफराटा हिशेब निघेल. आमच्या बँकेत ‘मौन म्हणजे मान्यता’ ही पद्धत आहे. खात्याचा उतारा पाठवायचा, आणि ठरल्या मुदतीत हरकत आली नाही तर बाकी बरोबर आहे असं समजायचं. पण उतारा तरी पाठवतो! चाचांना हा तक्ता कोणी पाठवला होता?

शेठना मी विचारलं. भिडेखातर विचारल्यासारखं, कर्जाच्या कागदांवर सह्या घेता घेता. मागाच्या पायांखाली रबराचे किंवा नमद्याचे तुकडे घालतात म्हणे, त्याने थरथर कमी होते. मग का घालत नाही?

‘‘साहेब,’’ शेठ म्हणाले, ‘‘त्याने कापड वाढेल?’’

‘‘नाही.’’

‘‘कापडाला भाव येईल?’’

‘‘नाही.’’

‘‘मग रबर कोणासाठी?’’

शेठ वाईट माणूस नाही. सुताचे भाव वर, कापडाचे भाव खाली आणि विजेचं बिल मध्ये, अशा तीन लयींवर तो स्वतःच हलत असतो, आणि त्याच्याखाली कोणी उशी ठेवलेली नाही. पण त्याच्या प्रश्नात सगळं शास्त्र आलं. हादरा थांबवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, ज्याला बसतो त्याच्याखाली उशी घालायची. दुसरी, जो देतो त्याच्याखाली घालायची. चाकणला उशी घालणारा आणि हलणारा एकच आहे, म्हणून तिथे ग्रॅनाइट, हवा, कान, हात, सगळं आलं. भिवंडीत हलवतो एक आणि हलतात दुसरेच, म्हणून दोन इंच रबरही येत नाही. यंत्रविद्येला दोन्ही सारखंच जमतं.

विनोदाचा भाग असा की ती तीन मायक्रॉनवाली यंत्रं जे काही घडवतात, म्हणजे मोबाइलमधल्या चिप्स वगैरे, ते अखेर भिवंडीलाच येतं. हल्ली गावाभोवती, नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना, मैलोन्‌मैल गोदामं आहेत. साऱ्या देशाचा माल तिथे उतरतो. अंगात धुळीचा कण शिरू न देता, पायाला थरथर लागू न देता घडवलेली ती सुकुमार वस्तू ट्रकमधून अंजूरफाट्याचे खड्डे खात येते. तिच्या जन्माच्या वेळी लावलेला तक्ता ट्रक ड्रायव्हरला कोणी दाखवला, तर तो गाडी बाजूला लावून अर्धा तास हसेल.

हा सारा वाद मेव्हण्याने शांतपणे ऐकून घेतला आणि मग हुकमाचं पान काढलं. त्याच्या मावशीचं गाव हिंगोलीकडचं. ‘‘भावोजी, स्थिरता नुसती मालासाठी नसते. औंढ्याला काय चाललंय ते माहीत आहे ना?’’

औंढा नागनाथ मला ज्योतिर्लिंग म्हणून माहीत होतं. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया नावाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येक चार किलोमीटर लांब, आत निर्वात पोकळी, टोकांना चाळीस-चाळीस किलोचे आरसे. हे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत काचेच्या तंतूंनी टांगायचे, आणि ती साखळी ज्या चौथऱ्याला टांगायची तो चौथरा मेव्हण्याच्या चौथऱ्याचा थोरला भाऊ: ऐकणारा आणि उलट ढकलणारा. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत. त्यांतली लिव्हिंग्स्टनची एक जंगलात आहे. तिथे आसपास झाडं तोडली तरी तिच्या कामात व्यत्यय येतो. शेकडो मैलांवरच्या समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आदळतात, त्याचीही जमिनीतून आलेली थरथर या आरशांना कळते. म्हणजे इकडे अरबी समुद्र उसळला की औंढ्याच्या आरशाला कानात सांगावं लागणार, ‘तो नेहमीचाच आहे, लक्ष देऊ नकोस.’

आणि एवढी यातायात कशासाठी? न हलण्यासाठी नव्हे. हलण्यासाठी! १३० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आपटली, त्याने अवकाशालाच जी लाट आली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी पृथ्वीवरून गेली. तेव्हा अमेरिकेतले आरसे प्रोटॉनच्या आकाराच्या किंचितशा भागाइतकेच हलले. ते हलणं दिसावं, म्हणून बाकी सगळी हलणी दाबायची.

मी गप्प झालो. स्थितप्रज्ञाबद्दल इतकी सुंदर गोष्ट मला कोणी कीर्तनकाराने सांगितली नव्हती. हादरे टाळायचे ते सुखाने बसता यावं म्हणून नव्हे. एखादा फार दुरून आलेला, फार हलका हादरा आपल्याला लागावा म्हणून. पण गप्प बसल्यावर दोन मिनिटांनी माझ्यातला कारकून पुन्हा बोलला. चार किलोमीटरच्या नळ्यांनी १३० कोटी प्रकाशवर्षांवरचं ऐकू येतं; मग काउंटरच्या पलीकडे, दीड हातावर, खटखटीत हळू आवाजात बोलणारा माणूस आम्हाला ‘जरा मोठ्याने बोला’ असं म्हणून तीनदा का विचारावा लागतो? आमच्या शाखेतल्या लोकांचं सोडा, माझी भिवंडीवर माया आहे. पण एका लयीत अहोरात्र हलणाऱ्या गावात दुसऱ्या कुठल्याही लयीतलं बोलणं ऐकू येत नाही, हे मी अठरा वर्षं ऐकतो आहे.

रविवारी मेव्हणा हट्टाला पेटला. म्हणाला, चला, तुमच्या चाचांचे आठशे आपण मोजूनच बघू. मोबाइलमध्ये थरथर ओळखणारा कान असतो. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ती त्याचीच करामत. तो चाकणच्या कानापुढे अगदीच बहिरा, पण भिवंडीला पुरेसा. शेठची परवानगी काढून आम्ही शेडमध्ये गेलो. आत बोलण्याची सोय नव्हती. मेव्हण्याने फोन पोटमाळ्याच्या फळीवर चाचांच्या उशाशी ठेवला आणि पडद्यावर भराभर रेघा उमटायला लागल्या, पावसाळ्यात कामवारी नदीला येतो तसा त्यांना पूर आला. मेव्हणा कपाळाला आठ्या घालून त्या वाचत बसला.

चाचांनी थोडा वेळ कौतुकाने बघितलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, ‘‘इस में चार नंबर का कुछ दिखता है?’’

‘‘चार नंबरचं काय?’’

कालपासून चार नंबरच्या मागाचा धोटा एका बाजूने उशिरा पोचतो आहे, असं चाचांचं म्हणणं. रात्री झोपेत कळलं. मेव्हण्याने रेघा मोठ्या केल्या, लहान केल्या, आडव्या केल्या. चोवीस माग एकत्र नाचत होते, त्यात चार नंबर कुठला आणि सतरा नंबर कुठला हे फोनला काय समजणार! चाचा शिडीवरून खाली उतरले, चार नंबरच्या चौकटीवर तळहात टेकवून क्षणभर उभे राहिले, माग थांबवला आणि पान्याने खालचा एक ढिला बोल्ट आवळला.

मेव्हण्याची पुण्याची गाडी चुकली. त्याला चाचांनी तळहात कुठे आणि कसा टेकवायचा ते दाखवायला घेतलं होतं, आणि सतरा नंबरपर्यंत पोचायला त्यांना रात्रीचे नऊ वाजले.